झाकणावरचा खडा

आमचे मामंजी वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचे. पहिल्या पानावर काय छापायचं ते वरचे लोक आधीच ठरवून ठेवतात आणि खरी बातमी मागे कुठल्यातरी कोपऱ्यात दडवतात, असं त्यांचं म्हणणं. दुकानदाराने हसून "या या" म्हटलं की ते वजनकाट्याकडे बघायचे. डॉक्टर "काही विशेष नाही" म्हणाले तर हा लपवतोय, आणि "तपासण्या करून घेऊ" म्हणाले तर याचं तपासणीवाल्याशी साटंलोटं आहे. मी लग्न होऊन घरात आले त्या आठवड्यात माझ्या हातचा पहिला चहा त्यांनी आधी हुंगला, मग एक घोट तोंडात घोळवला आणि मगच कप संपवला. सासऱ्यांच्या मनात भरायचं म्हणून मी सुरुवातीला फार गोड वागत होते. गोड वागणाऱ्यावर त्यांचा दुप्पट संशय असतो हे कळल्यावर मी ते सोडून दिलं आणि आमचं बरं जमायला लागलं.

मामंजी विद्यापीठात पाणी सोडायचे. ऐकायला सोपं वाटतं. आवाराच्या मागे चढावर एक मोठी टाकी, तिच्यातून निघालेले नळ सगळ्या इमारतींखालून फिरलेले, आणि प्रत्येक इमारतीपाशी जमिनीत एक चौकोनी खड्डा, वर लोखंडी झाकण. आत वॉल्व्ह. तो उघडला की त्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरू लागते. पण सगळे एकदम उघडले तर कुणालाच धड पाणी चढत नाही, म्हणून पाळ्या लावलेल्या. सकाळी वसतिगृहं आणि खानावळ, मग दुपारी ग्रंथालय, त्यानंतर प्रयोगशाळा, मग पोहण्याचा तलाव आणि बाग. एक बंद केल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. वॉल्व्ह फिरवायला आडव्या मुठीचा, कमरेएवढा उंच लोखंडी दांडा असतो. त्याला चावी म्हणतात, आणि मामंजींना सगळे चावीवाले म्हणत. कुलगुरू समोरून गेले तरी न ओळखणारी मुलं आवारात पुष्कळ होती, चावीवाल्यांना मात्र सगळे ओळखायचे.

ते जन्मतः असे नव्हते, असं मी सासूबाईंकडून ऐकलेलं. विद्यापीठाच्या जागी नुसतं माळरान होतं तेव्हा मामंजी नळांचे चर खणायला मजूर म्हणून आले. पहिल्या इमारतीला पितळी नळ बसले आणि एका सकाळी ते सगळे गायब झाले. सगळ्या मजुरांमधून फाटकावर झडती घेतली ती एकट्या मामंजींची, कारण आदल्या दिवशी ते शेवटी बाहेर पडले होते. चपला, डबा, सदरा, सगळं उलटंपालटं करून पाहिलं, बघायला गर्दी. पुढे कळलं की नळ कंत्राटदाराच्याच माणसाने विकले होते. मामंजींना नोकरीत कायम केलं, पण "चुकलं आमचं" असं कुणी म्हणालं नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, आमचे मामंजी त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

त्यातूनच त्यांची ती खड्यांची पद्धत आली. मुख्य इमारतीसमोरच्या फुलांच्या वाफ्यातले पांढरे खडे ते खिशात ठेवायचे. वॉल्व्ह बंद करून झाकण लावलं की झाकणाच्या रस्त्याकडच्या कडेला एक खडा ठेवायचा, उघडा ठेवला असेल तर खडा इमारतीच्या बाजूला. झाकण उचलल्याशिवाय वॉल्व्हला हात लागत नाही, आणि झाकण उचललं की खडा पडतो. म्हणजे मागून कुणी येऊन गेलं का, तेही कळणार. ही खूण त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. मला कळली ती कपडे धुताना. खिशात रोज खडे सापडायचे, तेव्हा एकदा मी वैतागून विचारलं, "मामंजी, हे काय बागकाम चाललंय?" त्यांनी दार लावून घेतलं, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मग हळू आवाजात सांगितलं. सांगितल्याचा पस्तावा त्यांच्या तोंडावर लगेच दिसला.

मीही त्याच विद्यापीठात कामाला होते. ग्रंथालयाच्या दाराशी सामान ठेवायचा काउंटर माझा. मुलांच्या पिशव्या घ्यायच्या, बिल्ले द्यायचे, परत आल्यावर बिल्ला घेऊन पिशवी द्यायची. बसून काम, डोक्यावर पंखा, आणि बाजूला मोठी खिडकी. त्या खिडकीतून ग्रंथालयाचं झाकण समोर दिसायचं. आमचे हे विद्यापीठाची बस चालवायचे. असं सगळं घरच आवारात, राहायलाही आवारातलीच क्वार्टर.

मामंजींच्या निवृत्तीला वर्षभर उरलं असेल तेव्हा तक्रारी सुरू झाल्या. एकदा वसतिगृहातली मुलं साबण लावून अंघोळीच्या मध्येच अडकली. एकदा ग्रंथालयाची टाकी भरून वाहिली आणि भिंतीवरून ओघळ थेट जुन्या पुस्तकांच्या खोलीत. एकदा प्रयोगशाळेत कुणाचं तरी कितीतरी दिवस चाललेलं यंत्र थंड पाण्यावाचून तापून बंद पडलं. मामंजी प्रत्येक वेळी एकच सांगायचे, "मी वॉल्व्ह बरोबर फिरवला होता. माझ्या मागून कुणीतरी फिरतंय."

माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. हे खरं सांगते, कारण पुढे लोकांनी माझ्याबद्दल भलतंच काही म्हटलं. मला वाटलं, आयुष्यभर या माणसाने नसत्या गोष्टीवर संशय घेतला, पण बंद घड्याळसुद्धा कधीतरी बरोबर वेळ दाखवतं.

संशयित दोन होते. एक माळीबुवा. त्यांना हिरवळीसाठी पाणी कधीच पुरत नसे आणि त्यावरून मामंजींशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं नातं. दुसरे टेपवाले साहेब, म्हणजे इमारती आणि पाणी-वीज बघणारे नवे इंजिनिअर. मोजायची टेप सदा कमरेला लटकलेली असायची. त्यांना सगळीकडे बटणावर चालणारे वॉल्व्ह बसवायचे होते. माझा संशय सरळ साहेबांवर. जुना माणूस निकामी झाला असं दाखवलं की नवी यंत्रं मंजूर करायला वरचे कशाला अडवतील?

प्रयोगशाळेच्या भानगडीनंतर साहेबांनी मामंजींना बोलावलं. मी बाहेर उभी होते आणि दार उघडंच होतं.

"चावीवाले, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो," साहेब म्हणाले. "आणखी एकदा असं झालं तर चावी जमा करा. निवृत्तीपर्यंत भांडारात बसा. पगारात काही फरक पडणार नाही."

"पगाराचं कोण बोलतंय?" मामंजी म्हणाले. "भर आवारात माझ्या हातातून चावी काढून घेणार? परत एकदा?"

साहेबांना ते "परत" कळलं नाही. मला कळलं. फाटकावरची ती झडती.

त्या संध्याकाळी मामंजी जेवताना अचानक म्हणाले, "चोराला माझी खूण माहीत आहे."

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"मी बंद करून खडा रस्त्याकडे ठेवतो. परत येऊन बघतो तर वॉल्व्ह उघडा आणि खडा इमारतीकडे. नुसता उघडून जात नाही, खूणही बरोबर करून जातो. बाहेरच्याला हे कसं कळेल?"

एवढं बोलून त्यांनी ताटावरून नजर उचलली आणि माझ्याकडे बघितलं. खूण सांगितलेली जगात एकच व्यक्ती होती आणि ती त्यांना वाढत होती. दुसऱ्या दिवसापासून ते खिसे स्वतः रिकामे करून कपडे टाकू लागले.

मला राग आला. फार राग आला. घराला आग लावणारी मीच सापडले का यांना? आता चोर पकडून यांच्या समोर उभा करते, असं मी ठरवलं आणि काउंटरवरची माझी खुर्ची खिडकीकडे वळवून बसले. मुलं पिशव्या घेऊन उभी राहायची आणि माझं लक्ष बाहेर.

एका दुपारी मला चोर दिसला.

आधी मामंजी आले. ग्रंथालयाची पाळी संपली होती. झाकण उचललं, चावी घातली, वॉल्व्ह बंद केला, झाकण लावलं, खडा रस्त्याच्या बाजूला ठेवला. सगळं नेमकं. प्रयोगशाळेकडे चालू लागले. मी मनात म्हटलं, आता येईल तो. थोड्या वेळाने कँटीनच्या बाजूने खरंच कुणीतरी आलं. हातात चावी. ते मामंजीच होते. मला वाटलं, काही विसरले असतील. ते झाकणापाशी थांबले, खडा जागेवर असल्याचं पाहून समाधानाने मान हलवली, खडा उचलून खिशात टाकला, झाकण काढलं आणि वॉल्व्ह उघडला. जसं काही ग्रंथालयाची पाळी आत्ता सुरू होत होती. झाकण लावलं. खडा इमारतीच्या बाजूला ठेवला. कपाळाचा घाम पुसला आणि शांतपणे निघून गेले.

मी जागची हलले नाही. हलायला सुचलंच नाही.

मग प्रयोगशाळेतून आरडाओरडा झाला असणार, कारण ते धावत परत आले. खडा पाहिला. झाकण काढून वॉल्व्ह पाहिला. उभे राहिले आणि चारी बाजूंना बघायला लागले, झाडांमागे, सायकलींच्या रांगेमागे, गच्चीवर. चेहऱ्यावर काय भीती होती ती! इतका भ्यालेला माणूस मी जवळून पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पटकन खाली वाकले, आणि अपराध्यासारखी खाली का वाकले ते मला अजून सांगता येत नाही.

रात्रीपर्यंत थांबायचा धीर नव्हता. बस डेपोत जाऊन ह्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं.

"परवा मला दोनदा विचारलं, आज बस आहे का," हे म्हणाले. "मला वाटलं, नेहमीसारखी उलटतपासणी चाललीय."

त्यात ह्यांची चूक नव्हती. संशयी माणसाची हीच तर गोची. तो तेच तेच पुन्हा विचारतो, रोजच्या गोष्टी तपासतो, ठेवलेली वस्तू दुसऱ्याने हलवली म्हणतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव. आजार मुक्कामाला येऊन बसला तरी दार वाजल्याचं कुणी ऐकलं नाही.

"डॉक्टरांना दाखवू," हे म्हणाले.

"डॉक्टर औषध देतील तेव्हा देतील. यांना सांगणार कोण? तुमच्या मागून फिरणारा माणूस तुम्हीच आहात, असं तुम्ही सांगता?"

हे म्हणाले, "साहेबांना सांगावं लागेल."

"म्हणजे उद्या चावी जमा. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत हो. तेवढे मी बघते."

"तू काय बघणार?"

"त्यांच्या मागून फिरेन."

वेडेपणाच होता, पण त्या क्षणी मला तो फार शहाणपणाचा वाटला. ह्यांनी गॅरेजमधल्या मिस्त्रीकडून आखूड दांड्याची एक चावी करून आणली, पिशवीत मावेल अशी. पाळ्या मला इतक्या वर्षांत पाठ झाल्या होत्या. मामंजी पुढे गेले की मी काही ना काही निमित्ताने बाहेर पडायची, झाकण बघायची. खडा बरोबर जागी असला तर तशीच परत. चुकीच्या जागी असला तर वॉल्व्ह नीट करायचा, खडा फिरवायचा. तेवढा वेळ ग्रंथालयातली एक मैत्रीण काउंटर सांभाळायची. तिला वाटलं मला पोटाचा काहीतरी त्रास आहे, आणि ती रोज नवीन नवीन उपाय सुचवायची.

तक्रारी थांबल्या. टेपवाल्या साहेबांनी एकदा मामंजींना चहासुद्धा पाजला. पण मामंजी खूश व्हायच्या ऐवजी आणखी सावध झाले. तक्रारी थांबल्या म्हणजे चोर दबा धरून बसलाय, असं त्यांचं गणित. आणि गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा संशय शंभर टक्के खरा होता. त्यांच्या मागून खरंच कुणीतरी फिरत होतं.

मग तलावाचं प्रकरण झालं आणि त्यात दोष सर्वस्वी माझा. पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी रिकामा केला होता. फरशांच्या सांध्यांत ताजं सिमेंट भरलेलं. साहेबांनी मामंजींना सोबत घेऊन वॉल्व्ह बंद करून घेतला आणि काही दिवस उघडायचा नाही म्हणून बजावलं. मला हे कळायला काही मार्ग नव्हता, कारण मामंजी घरात हल्ली कामाचा शब्द काढत नव्हते. तलावाच्या पाळीच्या वेळी मी गेले, बघितलं तर खडा रस्त्याकडे. विसरले वाटतं, असं म्हणून मी वॉल्व्ह उघडला, खडा फिरवला आणि मोठं काम केल्यासारखी परत आले. तासाभरात कामगारांचं सगळं काम पाण्याखाली.

एकच दिवस मामंजी बरोबर होते, आणि नेमक्या त्याच दिवशी मी त्यांना दुरुस्त केलं.

पण या वेळी साहेब स्वतः साक्षीदार होते. वॉल्व्ह बंद झाला होता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मामंजी त्यांच्या खोलीत शिरले ते ताठ मानेने. "आता तरी पटलं?" साहेबांना पटलं. माळीबुवांनाही पटलं, कारण त्यांच्यावरचा आळ कायमचा धुऊन निघायला हवा होता. चोर पकडायचा असं तिघांनी मिळून ठरवलं आणि मला कुणी कळवलं नाही, हे ओघानेच आलं.

दोन दिवस मी घाबरून चावी पिशवीतून काढली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून पाहिलं तर मामंजी ग्रंथालयाचा बंद केलेला वॉल्व्ह पुन्हा उघडून निघून गेले. आता प्रयोगशाळा कोरडी पडणार, म्हणजे उद्या चावी जमा. मी पिशवी उचलली आणि बाहेर धावले. झाकण काढलं, चावी घातली, वॉल्व्हला अर्धा फेर दिला असेल नसेल, तोच जनरेटरच्या खोलीमागून आवाज आला.

"हात तसाच ठेव!"

मामंजी पुढे, मागे साहेब, त्यांच्या मागे माळीबुवा. मी ओणवी, हातात चावी, बाजूला झाकण, झाकणाशेजारी पांढरा खडा. सबब सांगायला जागाच नव्हती.

"तुम्ही?" साहेब म्हणाले. त्यांना खरंच धक्का बसला होता.

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर खरं सांगायलाच उघडलं होतं. माझी नोकरी, माझी अब्रू, तलावाचं नुकसान, एवढं ओझं मी का वाहायचं? साहेब, आत्ता पाच मिनिटांपूर्वी हा वॉल्व्ह कुणी उघडला ते यांनाच विचारा, एवढं म्हटलं की मी सुटले असते. पण मी मामंजींकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते संतापलेले असतील. ते रडत होते.

"म्हणजे होतं कुणीतरी," ते साहेबांना म्हणाले. "साहेब, खरंच होतं. मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं... दोन महिने झोप नाही मला. माझ्याच हातांवर माझा विश्वास राहिला नव्हता हो."

मी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"मीच केलं," मी म्हणाले. "पहिल्यापासून सगळं मीच."

"कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

"घरात ऊठसूट संशय घेतात. चहात काय घातलं, खिशाला हात का लावला. म्हटलं, एकदा जिरवावी."

माळीबुवा म्हणाले, "तरीच!" सुनेने सासऱ्याची जिरवली या गोष्टीवर विश्वास ठेवायला जगात कुणाला पुरावा लागत नाही. साहेब मात्र माझ्या हातातल्या आखूड चावीकडे आणि मग झाकणाकडे बघत राहिले. त्यांच्या मनात काहीतरी चाललं होतं, ते मी ओळखलं, आणि डोळ्यांनीच त्यांना गप्प राहायला विनवलं. त्यांनी ते वाचलं की नाही कोण जाणे.

"कामावरून काढावं लागेल," ते सावकाश म्हणाले.

"काढू नका," मामंजी ताडकन म्हणाले. "नजरेआड गेली तर काय काय करेल याचा नेम नाही. माझ्या डोळ्यांसमोर ठेवा. रोज माझ्याबरोबर फिरू दे. मी बघतो हिच्याकडे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं, कमरेची टेप उगाच थोडी बाहेर ओढली आणि सोडून दिली. "चालेल," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्ही चावीवाल्यांच्या हाताखाली. एकही वॉल्व्ह दोघंही हजर असल्याशिवाय फिरवायचा नाही."

माझा काउंटर गेला, पंखा गेला, खिडकी गेली. तलावाचं नुकसान माझ्या नावावर लागलं. कँटीनमधल्या बायका मला पाहून बोलणं थांबवू लागल्या. धाकट्या नणंदेने फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि भावाचं काही ऐकून न घेता तिने त्याला बायकोचा बैल म्हटलं. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. रोज वाटायचं. पण घरी मामंजी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपायला लागले होते. ह्यांनी त्यांना "आता निवृत्तीआधी सगळ्यांचीच तपासणी असते" असं सांगून डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. मामंजी त्या माझ्या हातून घेत नसत, ह्यांच्या हातून घेत.

आमची वरात रोज निघायची. मी पुढे, मामंजी मागे, कारण चोराकडे पाठ करायची नसते. प्रत्येक झाकणापाशी ते मला दूर उभं करायचे आणि माझ्याकडे बघत बघत वॉल्व्ह फिरवायचे.

"बघून ठेवतेयस ना, परत काही करायला?"

"बघते ना, मामंजी. आता ग्रंथालय बंद केलंत. म्हणजे प्रयोगशाळा उघडायची."

"मला शिकवू नकोस."

आणि प्रयोगशाळा उघडायचे. कधी चुकून उलट दिशेने निघाले तर मी नुसती जागेवर उभी राहायची. मग ते ओरडायचे, "का थांबलीस? काय डाव आहे?" आणि माझा डाव हाणून पाडायला म्हणून बरोबर रस्त्याला लागायचे. त्यांच्या संशयाला धरून मी त्यांना सगळं आवार फिरवून आणत होते. एकही तक्रार आली नाही.

निवृत्तीचा महिना उजाडला. त्या सकाळी आम्ही वसतिगृहाच्या झाकणापाशी होतो. मुलांच्या अंघोळी चालल्या होत्या, वरच्या मजल्यावरून कुणीतरी बेसूर गात होतं. मामंजींनी झाकण काढलं, चावी घातली आणि थांबले. हात मुठीवर तसेच.

"सूनबाई," ते म्हणाले. किती महिन्यांनी त्यांनी मला तशी हाक मारली होती. "एक विचारतो. साहेबांपुढे बोलली होतीस, पहिल्यापासून सगळं मीच केलं म्हणून."

"हो."

"मुलं साबण लावून अडकली होती, तो पहिला दिवस. तेव्हा तू तुझ्या बहिणीच्या बाळंतपणाला तिच्याकडे गेली होतीस. मी तुला स्टँडवर सोडून आलो होतो. काल रात्री आठवलं."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "त्याच्या आधी केलं होतं. निघण्यापूर्वी."

ते वळले. ज्या नजरेने त्यांनी जन्मभर दुकानदार, डॉक्टर, साहेब, माळी आणि माझा चहा पारखला, त्या नजरेने त्यांनी मला पारखलं. मी जेवढा वेळ टिकू शकत होते तेवढा टिकले. मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"खोटं बोलतेस," मामंजी म्हणाले.

मग त्यांनी मुठीवरचे दोन्ही हात काढले, बाजूला सरकले आणि चावी मला धरायला दिली.